बायोसिरॅमिक सीलरभोवती झोनच आला नाही, म्हणजे ते जंतू मारतच नाही का?

बीडीएस_शेवटचं_वर्ष
आगर प्लेटवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा रूट कॅनालमधे सापडणारा जंतू पसरवून तीन भोकं पाडली आणि त्यात झिंक ऑक्साइड युजेनॉल, एएच प्लस आणि बायोसिरॅमिक असे सीलर (रूट कॅनाल बंद करायच्या पेस्ट) भरले. दुसऱ्या दिवशी युजेनॉलभोवती मोठ्ठा स्वच्छ गोल (झोन, म्हणजे जंतू न वाढलेली जागा), एएच प्लसला बारीकशी कड आणि बायोसिरॅमिकच्या पार काठापर्यंत कॉलनीज. मग सगळे त्याला अँटीबॅक्टेरियल का म्हणतात?

सूक्ष्मजीववाली
अगं, तो गोल किती जंतू मेले ते सांगत नाही, मटेरियल आगरमधे किती लांब झिरपलं ते सांगतो. युजेनॉल मस्त पसरतं. बायोसिरॅमिकमधलं कॅल्शियम सिलिकेट पाणी घेऊन कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार करतं, त्याने पीएच चढतो आणि जंतू मरतात, पण आगर ते अल्कली तिथल्या तिथेच बफर करून, म्हणजे शमवून टाकतं. डायरेक्ट कॉन्टॅक्ट टेस्ट लाव. वेलच्या (टेस्ट प्लेटमधल्या छोट्या खड्ड्याच्या) भिंतीला सीलरचा पातळ थर, त्यावर जंतूंचा थेंब, तासाभराने मीडियम (जंतूंचं खाद्यद्रव) घालून वाढ मोज. ताजा सीलर वेगळा आणि ७ दिवस सेट (घट्ट) झालेला वेगळा.

रूटकॅनालवाला
ताजा-सेट हाच खरा मुद्दा आहे. एएच प्लस ताजं असताना जोरात मारतं, सेट झालं की जवळपास थंड पडतं. त्यात फीकॅलिस भलता चिवट, उपाशी तग धरतो, प्रोटॉन पंपाच्या जोरावर पीएच ११ पर्यंत टिकतो, आणि डेंटिन (दाताचा आतला कठीण भाग) स्वतःच पीएच खाली ओढतं ते वेगळंच. म्हणून कृपा करून सीलरच्या भरवशावर इरिगेशन (कॅनाल धुणं) उरकू नका. मागे एक दात पुन्हा उघडला, एक्स-रेत फिलिंग एकदम सुरेख, पण गटापर्चा (कॅनालमधे भरलेला रबरासारखा पदार्थ) ओढून काढला तर काळपट, ओला आणि घाण वास. धुताना हायपोक्लोराइट (जंतू मारणारं द्रावण) भरपूर, शेवटी १७% ईडीटीए (आणखी एक द्रावण) देऊन स्मिअर लेयर (कॅनालच्या भिंतीवर साचलेला भुग्याचा थर) काढायचा, तरच सीलर ट्यूब्यूलमधे (डेंटिनमधल्या बारीक नळ्यांत) शिरतो. मारायचं काम धुताना होतं, सीलरने उरलेल्यांना आत कोंडून बाहेरची वाट बंद करायची.

बीडीएस_शेवटचं_वर्ष
आत्ता कळलं. पण सेट करायला ठेवलेले नमुने कोरड्या इन्क्युबेटरमधे आहेत, चालेल ना?

सूक्ष्मजीववाली
नाही गं, बायोसिरॅमिकला सेट व्हायला ओलावाच लागतो. ओल्या कापसासोबत बंद डब्यात, ३७ अंशांवर ठेव. ते नमुने टाकून दे, परत बनव.