तक्रार बंद करण्याचा अधिकार तक्रारदाराकडे हवा, वॉर्ड ऑफिसकडे नको

परळकर (धागाकर्ता)

आमच्या गल्लीत पाण्याच्या लाइनसाठी चर खणला, बुजवला आणि पहिल्या मोठ्या पावसात तो खचला. ऑनलाइन तक्रार टाकली. काही दिवसांनी मेसेज आला की तक्रारीचं निवारण झालं. खाली उतरून पाहिलं तर खड्डा होता तिथेच. दुचाकीवाले पडू नयेत म्हणून कुणीतरी त्यात झाडाची फांदी खोचून ठेवली होती. पुन्हा तक्रार केली, तर उत्तर आलं की हे काम आमच्या खात्याचं नाही. रस्तेवाले पाणीखात्याकडे बोट दाखवतात आणि पाणीखातं ठेकेदाराकडे.

मुंबई महापालिकेला पैशाची ददात नाही. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता, काही छोट्या राज्यांपेक्षा मोठा. अडचण अशी की काम झालं की नाही, हे काम करणारेच ठरवतात. १८८८ च्या महापालिका कायद्याप्रमाणे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्तांना नेमतं राज्य सरकार. आपण मत देतो नगरसेवकाला. म्हणजे ज्याला जाब विचारायचा त्याच्या हातात अंमलबजावणी नाही, आणि ज्याच्या हातात आहे तो आपल्या दारात मतं मागायला येत नाही.

माझी मागणी साधी आहे. तक्रारदाराच्या मोबाइलवर ओटीपी जावा आणि त्याने तो दिल्याशिवाय तक्रार बंद होऊ नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांना मुदत आहे. ती पाळली नाही तर अपील करता येतं आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रस्ता, गटार, कचरा यांच्या तक्रारींनाही हाच न्याय लावा.

निवृत्त जेई

पूर्ण विरोध. मी रस्ते खात्यातून कनिष्ठ अभियंता (जेई) म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे हा दंड कुणाच्या खिशातून जाईल ते मला दिसतंय. कनिष्ठ अभियंत्याकडे साइट, बिलं, माहिती अधिकाराचे अर्ज, कोर्टाची उत्तरं, त्यात निवडणुकीची ड्युटी. मंजूर पदांतली कितीतरी रिकामी, म्हणून शेजारच्या टेबलाचा चार्जही त्याच्याकडेच. त्यावर तुमचा दंड.

तुमचा चर का खचला ते सांगतो. चर भरताना माती थराथराने टाकायची, प्रत्येक थरावर पाणी मारायचं, कॉम्पॅक्टर फिरवायचा, मग खडी आणि वरचा थर. याला वेळ लागतो. खोदकामाची परवानगी मिळते उशिरा, आणि पावसाळ्याआधी रस्ता मोकळा करण्याचा तगादा असतो. मग ठेकेदार निघालेलाच राडारोडा एका दमात आत ढकलतो आणि वर डांबर ओततो. वरून छान दिसतं. जेई तिथे दिवसभर उभा राहू शकत नाही, कारण त्याच वेळी वॉर्डात इतर ठिकाणीही खोदकाम चालू असतं.

आणि ओटीपीचं म्हणाल, तर पार्किंगच्या भांडणातून शेजाऱ्याविरुद्ध तक्रारी करणारे महाभाग मी पाहिलेत. ते जन्मात ओटीपी देणार नाहीत.

अंधेरी पूर्व

जेईसाहेबांशी सहमत, पण मला वेगळंच म्हणायचंय. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली, तेव्हापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. आमच्या सोसायटीचा कचरा रोज उचलला गेला, पाणी आलं, रस्त्याचं काँक्रिटीकरणही झालं. मध्यस्थ कमी असले की कामं सुटसुटीत होतात. चांगला आयुक्त द्या आणि त्याला काम करू द्या.

मानखुर्दची ताई

दादा, तुमचं काही अडलं नाही, आमचं अडलं. आमच्या वस्तीच्या शौचालयाची मोटर जळली की आम्ही बायका नगरसेविकेच्या ऑफिसात जाऊन बसायचो. ती फोन लावायची, कधी लगेच, कधी दोन शिव्या खाऊन, पण लावायची. ते ऑफिस बंद झाल्यावर आम्हाला सांगितलं, ऑनलाइन टाका. ऑनलाइन पत्ता मागतात. आमच्या गल्लीला पाटी नाही, जवळची खूण म्हणून काय लिहू, नाला? मोटर नीट होईपर्यंत पोरी अंधार पडायची वाट बघत बसायच्या.

२०११ च्या जनगणनेत मुंबईतली ४० टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत राहणारी निघाली. त्यांच्यासाठी नगरसेवक मध्यस्थ नाही, तोच दरवाजा आहे. आणि परळकर भाऊ, तुमचा ओटीपीही आमच्या कामाचा नाही. घरातला मोबाइल नवऱ्याबरोबर किंवा पोराबरोबर कामावर गेलेला असतो.

बोरिवलीकर

एक मुद्दा राहतोय. सगळं पालिकेच्या माथी मारून चालणार नाही. एमएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), म्हाडा, रेल्वे, पोर्ट, वीज आणि गॅस कंपन्या, प्रत्येकाची हद्द वेगळी. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये पालिकेकडे आले. त्याआधी तिथल्या खड्ड्यासाठी पालिकेत गेलं की एमएमआरडीएकडे पाठवायचे. महापौरांना अधिकार देण्याचा प्रयोगही झालाय. १९९८ मध्ये मेयर-इन-कौन्सिल, म्हणजे कारभार बघणारं महापौरांचं मंडळ, आणलं आणि वर्षभरात गुंडाळलं. म्हणून मला वाटतं, आधी एका रस्त्याला एकच मालक ठरवा, ओटीपी नंतर.

परळकर

ताई, तुमचा मुद्दा मी माझ्या मागणीत जोडतो. जिथे फोन नाही तिथे वॉर्ड ऑफिसने महिन्यातून एकदा वस्तीत येऊन उघड बैठक घ्यावी, मोटर, दिवे, गटार यांची यादी वाचावी आणि काय झालं, काय नाही, हे वस्तीसमोर लिहून घ्यावं. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या त्या यासाठीच.

अंधेरीकर, प्रशासकाच्या काळात तुमचा कचरा उचलला गेला, कारण तुमची सोसायटी गाडीच्या वाटेवर आहे. जी गल्ली वाटेवर नाही तिच्यासाठी भांडणारा माणूस लागतो.

जेईसाहेब, दंड तुमच्यावर नको, हे मान्य. ठेकेदाराचं बिल अडवा. चर खचला नाही, अशी तिथल्या रहिवाशांची सही असल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. भांडकुदळ तक्रारदार असतील, तर तीन घरांच्या सह्या घ्या.

निवृत्त जेई

बिल अडवायला कायद्याने आजही बंदी नाही. दोषदायित्वाच्या काळात खचलेलं काम ठेकेदाराने स्वखर्चाने करून द्यायचं असतं. पण फाईल सहीला आली की वरून फोन येतो. त्या वेळी जेईच्या पाठीशी कुणी उभं नसतं. ज्यांनी बिलं अडवली त्यांच्या बदल्या झालेल्या मी पाहिल्यात.

परळकर

मग तुमचं मेजरमेंट बुकच, म्हणजे झालेल्या कामाची मोजमापं लिहायची वही, उघडं करा. चर किती खोल होता, किती थर भरले, कॉम्पॅक्टर कधी फिरला याच्या नोंदी आणि भरतानाचे फोटो तक्रार क्रमांकाला जोडा, कुणालाही पाहता येतील असे. जेईने हरकत लिहिली असेल तर तीही त्याच पानावर दिसू दे. पुढे बिल सुटलं तर सुटवणाऱ्याचं पद आणि तारीख खाली येईल. ताईंची नगरसेविका तेच पान घेऊन पालिकेच्या सभेत प्रश्न विचारू शकेल.

मानखुर्दची ताई

आणि ते पान मराठीत, कागदावर छापून वॉर्ड ऑफिसच्या बाहेर लावा. आम्ही येऊन वाचू.