मदत हवी आहे: कोल्हापुरात 7 दिवसांचा होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) कुठे लावतात?

रुग्ण 68 वर्षांचे, बीपीच्या गोळ्या चालू. बीपी मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण अधूनमधून येते. ते निदान नव्हे, एखादा जादा ठोकाही त्याला पुरतो. म्हणून घरी 30 सेकंदांचा सिंगल लीड ईसीजी (छोट्या यंत्रावर बोटं टेकवून काढलेला, एकाच रेघेचा): 5 मिनिटं शांत बसून, कोपर टेबलावर टेकवून, बोटं किंचित ओली करून. कोरडी बोटं नि थरथरता हात असला की रेघ नुसती नाचते, पी-वेव्ह (ठोक्याच्या उंच टोकाआधीची छोटी लाट) शोधायची कुठे! दोन स्वच्छ पट्ट्यांत ठोक्यांमधलं अंतर सतत बदलतंय, पी-वेव्ह नाहीच. डॉक्टरांना पीडीएफ दाखवल्यात. शंका एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरण्याची; ते मधूनच येणारं असलं की 24 तासांच्या होल्टरमधून सहज निसटतं.

राजारामपुरी, शाहूपुरीकडे 7 दिवसांचा होल्टर किंवा पॅच (छातीला चिकटवायचा छोटा ईसीजी रेकॉर्डर) कोण लावतं? भाडं, डिपॉझिट किती? आणि घामानं इलेक्ट्रोड (छातीला चिकटवलेल्या चकत्या) सुटतात, त्यावर उपाय काय?