जुन्या घरातली वायरिंग: तुमच्या घरात काय घडलं?

आमचं घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, आजोबांच्या वेळचं. गेल्या उन्हाळ्यात माजघरात दोन दिवस कुजक्या मासळीसारखा वास येत होता. उंदीर मेला असेल म्हणून आईनं सगळी फडताळं उपसली. शेवटी माझा हात फ्रिजच्या बोर्डाला लागला, तर चटका बसला. उघडून बघतो तर प्लगमागचं प्लॅस्टिक काळं पडून वितळलेलं. वायर ॲल्युमिनियमची. तापून-निवून स्क्रूखालचा जोड सैल झाला होता आणि तिथंच जळत होतं. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच, एकदाही पडला नाही. वायरमन म्हणाले, "सैल जोडानं करंट वाढत नाही, फक्त उष्णता वाढते. एमसीबीला ते कळायचं कसं?" चार वर्षांपूर्वी जुने फ्यूजचे कट-आउट काढून एमसीबी बसवले आणि आम्ही निर्धास्त झालो होतो. भिंतीतल्या वायरीकडं कुणीच बघितलं नव्हतं. पेठांतल्या बऱ्याच घरांत असंच असेल असं वाटतं, म्हणून विचारतोय. तुमच्याकडं काय झालं?

राजारामपुरी
आमच्यात गीझर आणि इस्त्री एकदम लावली की १० अँपिअरचा एमसीबी पडायचा. एकानं येऊन ३२ चा बसवून दिला. कटकट मिटली म्हणून आम्ही खूश! पुढं त्याच लाइनवर इंडक्शन शेगडीही आली. वायर दीड एमएमची, भिंतीतून जेमतेम १५ अँपिअर सोसणारी. ती ओढून काढली तेव्हा वरचं आवरण हातात भुगा होऊन आलं. आता गीझरला ४ एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र लाइन आणि १६ चा एमसीबी आहे.

मंगळवार पेठ
चिनीमातीच्या कट-आउटमध्ये वडील फ्यूज वायरऐवजी जाड तांब्याची तार घालायचे, सारखी उडू नये म्हणून. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

शाहूपुरी
२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी तळमजल्यात चार फूट होतं. ओसरल्यावर शेजारी म्हणाले, बोर्ड वाळलेत, करा मेन चालू. सासऱ्यांनी हात लावू दिला नाही. मेगर (वायरीतून करंट गळतो का ते दाखवणारं यंत्र) लावून तपासलं तर तीन खोल्यांत गळती, पाइपांत गाळ. तळमजल्याची सगळी वायर बदलली आणि बोर्ड छातीच्या वर घेतले. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा ते उंबऱ्याला लागायच्या आधीच मेन बंद केला होता.

कसबा बावडा
मी वायरमन हाय, पंचवीस वर्षं झाली. माणसं एमसीबीला पैसे घालत्यात आणि आरसीसीबी नको म्हणत्यात. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला न्हाई. माणसाच्या अंगातनं करंट जमिनीत जायला लागला तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लाइन तोडतो. त्याचं टेस्ट बटण अधनंमधनं दाबून बघा, पडला न्हाई तर बदला. दुसरं, प्लगची जाड पिन मोडून दोन पिनीत घालू नका, ती अर्थिंगची हाय. आणि एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, कोरड्या मातीत अर्थिंग लागत न्हाई.

लक्ष्मीपुरी
आम्ही भाड्यानं राहतो, मालक वायरिंगला हात लावू देत नाहीत. न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. काय करू?

कसबा बावडा
ताई, आधी गीझरचा मेन बंद करा आणि आज त्या नळाला कुणाला हात लावू देऊ नका. मालकांना माझ्यासमोर बोलवा, टेस्टर लावून दाखवतो.