फॉर्मवर ‘उत्तम’, गूगलवर एक तारा. असं का होतं?

काउंटरवाली_नाशिक
कॅनडा कॉर्नरजवळ तीस खाटांच्या एका हॉस्पिटलात काउंटरला आहे, सहा वर्षं झाली. डिस्चार्जच्या वेळी आम्ही अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतो. डॉक्टर, सिस्टर, स्वच्छता, जेवण, सगळीकडे ‘उत्तम’वर टिक. आणि त्याच घरातला मुलगा रात्री गूगलवर एक तारा देऊन ‘लुटारू’ लिहितो! परवा सरांनी विचारलं, “लोकांना नेमकं खटकतं काय?” त्यांच्या मते एसी आणि टीव्ही. वेटिंगला नवा सोफा आलासुद्धा. (पांढरा. दवाखान्यात पांढरा सोफा कोण घेतं?) पेशंट म्हणून तुम्ही काय बघता, खरंखरं सांगा.

दिंडोरीचा_बागायतदार
ताई, फॉर्मवर खरं कोण लिहील? टाके काढायला परत तिथंच जायचं असतं.
माझ्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं, नाशकातच, नाव नको. ऑपरेशन एक नंबर. आज ती बागेत फिरते. पण घरात त्या हॉस्पिटलचं नाव काढलं की ती शेवटचा दिवसच सांगते. सकाळी नऊला डॉक्टर म्हणाले, “आज घरी.” तिनं लुगडं बदललं, पिशव्या बांधल्या. डिस्चार्ज लिहिला म्हणून दुपारचं जेवण आलंच नाही. विचारलं की एकच उत्तर, “कॅशलेसचं चालू आहे.” साडेपाचला सोडलं. गाडीवाला गावाहून आलेला, त्यानं दिवसाचं भाडं लावलं ते वेगळंच.

विमा_डेस्क
सगळं खापर विमा कंपनीवर फोडू नका, एका हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर मी रोज तेच काम करतो. आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) मे २०२४ च्या परिपत्रकानुसार विमा कंपनीला डिस्चार्जची मंजुरी ३ तासांत द्यावी लागते. पण ते ३ तास आमची फाइल गेल्यावर सुरू होतात ना! त्याआधी समरी (काय उपचार झाले त्याचा डिस्चार्जचा कागद) टाइप व्हायची असते, उरलेली औषधं मेडिकलला परत जायची असतात, भूलतज्ज्ञांची फी बिलात चढायची असते. नऊला ‘घरी जा’ म्हटलेल्या पेशंटची फाइल आमच्याकडून एक वाजता निघते. आदल्या संध्याकाळी समरी तयार ठेवली तर निम्मी भांडणं मिटतील. ठेवतं कोण?

निवृत्त_सिस्टर
बत्तीस वर्षं वॉर्डात काढली. डॉक्टरांचं कसब पेशंटला कळत नाही, कसं कळणार? त्याला कळतं ते एवढंच: शीर सापडेपर्यंत सुई किती वेळा टोचली, बेल दाबल्यावर कोण आलं, बेडपॅन मागताना लाज वाटली का. राउंडला डॉक्टर दोन मिनिटं खुर्ची ओढून बसले तर पेशंट दिवसभर सांगत फिरतो, “आज डॉक्टर बसले होते.”

म्हसरूळ_विद्यार्थी
बागायतदारांच्या आईंसाठी: १९९६ साली रेडेलमायर आणि काहनेमन या संशोधकांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) झालेल्या पेशंटना त्रास कसा आठवतो ते तपासलं. तपासणी किती वेळ चालली याला फारसं मोल नव्हतं. सर्वांत वाईट क्षण आणि शेवटची काही मिनिटं, यांवरच आठवण ठरत होती.

निवृत्त_सिस्टर
असेल. पण शेवट गोड केला म्हणून चार वेळा टोचलेली सुई कोणी विसरत नाही हो.

काउंटरवाली_नाशिक
सगळ्यांचे आभार. जेवणाचं तर माझ्याच हातात होतं, आणि सहा वर्षांत सुचलं नाही. आता डिस्चार्ज लिहिला तरी कँटीनला ताट सांगते. फॉर्म काउंटरवर न घेता टाके काढून झाल्यावर फोन करून विचारू, असं सरांना सुचवलंय. “बघू” म्हणाले. समरीचा विषय काढला तर आरएमओनं (निवासी डॉक्टरनं) आठवडाभर बोलणं टाकलं.
सोफ्यावर काल चहा सांडला.