मदत हवी आहे: ‘ब्रॉटन’ या गावनावाबद्दल

नमस्कार मंडळी, इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी आणि जुन्या नोंदी चाळणाऱ्यांनी जरा मदत करा.

आम्ही मिल्टन कीन्समधल्या ब्रॉटनमध्ये राहतो. मंडळाच्या अंकासाठी गावाच्या नावावर चार ओळी लिहायला घेतल्या आणि चांगलीच अडकले. इंग्लंडभर ब्रॉटन नावाची गावं ढीगभर आहेत, स्पेलिंग एकच, पण मूळ एक नाही! शेवटचं ‘टन’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला ‘टून’, तो सगळीकडे तोच: आधी अर्थ कुंपण, मग वस्ती, म्हणजे आपल्या वाडीसारखंच. घोळ नावाच्या पहिल्या अर्ध्यात आहे. जुन्या इंग्रजीत ‘ब्रोक’ म्हणजे ओढा, ‘बुर्ह’ म्हणजे तटबंदीची जागा, ‘बेओर्ग’ म्हणजे टेकडी. तिन्ही घासून घासून ‘ब्रॉ’ झाले. आमचं ओढ्याचं; ओढा अजून वाहतो, त्यामुळे प्रश्नच नाही. हॅम्पशायरमधलं टेकडीचं, नॉर्दॅम्प्टनशायरमधलं तटबंदीचं. कॅनडातली ब्रॉटन बेटं तर कॅप्टन विल्यम ब्रॉटन यांच्या आडनावावरून, ती बाजूला ठेवते.

आजचं स्पेलिंग बघून काहीच ठरत नाही, 1086 च्या डूम्सडे बुकातलं (इंग्लंडच्या राजाने करवलेली जमिनींची नोंदवही) आणि त्यानंतरच्या शे-दोनशे वर्षांतलं बघावं लागतं. ते लॅटिन लिहिणाऱ्या कारकुनांनी कानाला येईल तसं उतरवलेलं. ‘बुर्ह’ आणि ‘बेओर्ग’ त्यातून वेगळे कसे ओळखायचे? सोपं पुस्तक सुचवाल का?

आणि दुसऱ्या एखाद्या ब्रॉटनजवळ कोणी राहत असेल तर प्लीज सांगा, गावाला लागून ओढा आहे की टेकाड? फोटो टाकलात तर फारच छान.