मनोविकार वॉर्डातील आणीबाणीचे प्रसंग : परिचारिकांचे अनुभव

मुंबईतील रुग्णालयांत मनोरुग्णांची शुश्रूषा केलेल्या सिस्टर आणि ब्रदर यांनी अशा प्रसंगांविषयी येथे लिहावे, ही विनंती. रुग्णाची वा रुग्णालयाची ओळख उघड होऊ नये. घटना संपल्यावर वॉर्डात काय झाले, हेही जरूर लिहावे.

सिस्टर, स्त्री विभाग
रात्रपाळीत एका तरुणीने स्नानगृहात स्वतःला इजा करून घेतली. दार बाहेरूनही उघडता येत असल्यामुळे आम्ही वेळेत पोहोचलो आणि ती वाचली. तिला हलवल्यावर उरलेल्या बायकांपैकी एकीलाही झोप येईना. त्यांच्याशी बोलताना कळले की, संध्याकाळपासून ती आपले कंगवे, बांगड्या सगळ्यांना वाटत होती. केसपेपरवर याचा मागमूस नव्हता. तेव्हापासून पाळी बदलताना मी रुग्णांकडेही चौकशी करते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला जे दिसते, ते राउंडमध्ये दिसत नाही.

ब्रदर, अस्थिरोग विभागातून बदली
पाय मोडून दाखल झालेल्या एका बस कंडक्टरची दारू अचानक बंद झाली आणि तिसऱ्या रात्री तो थरथरत, घामाघूम होऊन खाटेवरूनच अदृश्य प्रवाशांना तिकिटे देऊ लागला. ‘पुढे सरका’ म्हणत तो प्लॅस्टर घातलेल्या पायावर उभा राहू पाहत होता. नातेवाईक आणि वॉर्डबॉय दोघांचेही म्हणणे एकच, की बांधून टाका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तत्काळ होणारी इजा टाळण्याचा तोच एकमेव मार्ग असेल, तरच मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने बांधता येते आणि त्याची नोंद ठेवावी लागते. कर्मचारी कमी आहेत हे कारण चालत नाही. (रात्री अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर असते, ते वेगळे.) तज्ज्ञ येऊन लोराझेपाम (शांत करणारे औषध) आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) सुरू होईपर्यंत मी ‘पुढच्या स्टॉपला उतरतो’ असे सांगत त्याच्याजवळ बसून राहिलो.

सिस्टर, पुरुष विभाग
हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधाच्या इंजेक्शननंतर दुष्परिणाम म्हणून एका मुलाची मान वाकडी झाली, डोळे वर फिरले. त्यावरचे प्रोमेथाझिन हे औषध दिल्यावर तो लवकरच सावरला. त्याच्या आईचा औषधांवरचा विश्वास मात्र परत मिळवायला फार दिवस लागले.

प्रशिक्षणार्थी असतानाचा अनुभव
गोळ्या देताना रुग्णाने माझ्या तोंडावर ठोसा मारला. अहवालात वेळ, साक्षीदार, रुग्णाला झालेली इजा असे सर्व रकाने होते. वरिष्ठांचा पहिला प्रश्न होता, ‘तू त्याला काय बोललीस?’ दुसऱ्या दिवशी त्याच रुग्णाला गोळ्या देण्याचे काम माझ्याकडेच आले, तेव्हा कोणी न सांगता वॉर्डातल्या मावशी (आया) माझ्याबरोबर आल्या.