मदत हवी आहे: किरणोत्सारी कचऱ्याचा वर्ग नेमका कधी ठरवतात?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला बीएस्सीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. अणुवीज केंद्रातल्या घन कचऱ्याचे वर्ग आपल्याकडे पृष्ठभागावरच्या किरणोत्साराच्या मात्रेवरून पाडतात: तासाला २ मिलिग्रेपर्यंत (मिलिग्रे हे मात्रेचं एकक) पहिला, २ ते २० दुसरा, त्यावर तिसरा, अल्फा कण सोडणारा चौथा. इथवर मुलांना पटतं.

पण हातमोजे, पुसायची फडकी भरलेल्या पिशवीच्या मधोमध गॅस्केटचा (सांध्यातली गळती रोखणाऱ्या पट्टीचा) एखादा जास्त किरणोत्सारी तुकडा असला तर? अंतरामुळे मीटर बाहेरून कमीच दाखवणार. अशी पिशवी उघडून वेगळी करतात की आहे तशीच वरच्या वर्गात टाकतात? मला तरी कचरा निघतो तिथेच वेगळा करणं महत्त्वाचं वाटतं.

शिवाय कचऱ्यातल्या किरणोत्सारी द्रव्यांपैकी कोबाल्ट-६० साधारण ५.२७ वर्षांत निम्मा होतो, सीझियम-१३७ ला ३० वर्षं लागतात. मग साठवणुकीनंतर वर्ग पुन्हा तपासतात का?

तारापूर, काक्रापार, रावतभाट्याला काम केलेल्या कुणी दादा-ताईंनी कृपया सांगावं.